वृत्तपत्रांच्या जुन्या फायली जपताना: लहान ग्रंथालयासाठी कामाचा क्रम

वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या वृत्तपत्रांच्या फायली सापडल्या की पहिला सल्ला मिळतो तो ‘लगेच स्कॅन करून टाका’ असा. हेतू चांगला असतो, पण क्रम चुकतो. स्कॅनिंग हे या कामातले पाचवे-सहावे पाऊल आहे. आधीची पावले वगळून कॅमेरा लावला, तर हाती हजारो चित्रे येतात, पण कोणते पान कोणत्या तारखेचे हे सांगता येत नाही. घाईत उलटलेल्या पानांचा चुराही होतो. पुढचा क्रम ज्यांनी हे काम कधी केलेले नाही, अशा ग्रंथपालांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आहे. मराठी पत्रे डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी कागद ओळखा

जितके पत्र जुने तितका कागद नाजूक, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट आढळते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून बनत असे. त्याचे तंतू लांब असतात, त्यामुळे कसर आणि ओल यांपासून वाचला तर तो आजही वाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लाकूड दळून केलेल्या लगद्याचा स्वस्त कागद वृत्तपत्रांत रुळला. या लगद्यात लिग्निन राहून जाते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, त्यातून आम्ल तयार होते आणि आम्ल तंतू तोडते. म्हणून १९५० चा अंक १८५० च्या अंकापेक्षा आधी मोडतो.

कागद किती ठिसूळ झाला आहे हे पाहायला फाईलमधले एकच पान घ्या. मजकूर नसलेला समासाचा कोपरा हलकेच पुढे दुमडा, मग मागे. असे दोन-तीनदा करण्याच्या आत तो तुटला, तर ती फाईल ‘क’ वर्गात घाला. वाकतो पण घडीवर पांढरी रेघ उमटते ती ‘ब’, आणि काहीच होत नाही ती ‘अ’. ‘क’ वर्गाची फाईल चाळायला कुणाच्याही हाती देऊ नका, अध्यक्षांच्याही नाही.

यादी: सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात मोलाचे काम

फाईलच्या पाठीवर ‘जाने.-जून १९३४’ असे लिहिले आहे म्हणून आत ते सगळे असेल असे समजू नका. बांधणाऱ्याकडे जे अंक आले ते त्याने शिवले. प्रत्येक अंक उघडून एकेक ओळ लिहायची: पत्राचे नाव, गाव, छापील तारीख, वार, शक, वर्ष व अंक क्रमांक, किती पाने हजर, पुरवणी आहे का, आवृत्ती कोणती, कागदाचा वर्ग आणि शेरा. साधी संगणकीय तक्ता-फाईल पुरते. एका ओळीत एकच अंक, हा नियम मात्र मोडू नका.

तारखेची उलटतपासणी वारावरून करा. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, तो मंगळवार होता. ज्या अग्रलेखांवरून टिळकांवर खटला झाला, ते अंक १२ मे आणि ९ जून १९०८ चे. दोन्ही मंगळवार. त्या काळातल्या साप्ताहिक ‘केसरी’च्या यादीत एखादी तारीख बुधवारी पडत असेल, तर ती वाचताना एखादा आकडा चुकला असण्याचा संभव जास्त. वर्ष व अंक क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. छापखान्यात तो आकडा बदलायचा राहून गेला, असे वारंवार आढळते. छापील आकडा जसाच्या तसा लिहा आणि दुरुस्ती शेऱ्यात द्या.

पुष्कळ पत्रांच्या मस्तकावर शक आणि तिथी असते. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. म्हणजे १२ मे १९०८ हा शके १८३०, पण ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तो ३१ जानेवारी १९२० शके १८४१ मध्ये येतो, १८४२ मध्ये नव्हे. जानेवारी ते मार्चच्या अंकांत नवखे लोक इथेच एका वर्षाने चुकतात आणि मग त्या वर्षाची अख्खी फाईल भलत्याच खणात जाते.

मस्तक फाटून गेले असेल, तर शेवटच्या पानाचा तळ पाहा. १८६७ च्या मुद्रण कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण छापणे बंधनकारक केले, त्यामुळे ‘हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून प्रसिद्ध केले’ अशी ओळ तिथे सापडते. छापखाना कळला की पत्र ओळखू येते, बाजारभाव आणि जाहिराती यांवरून महिना ठरतो. या ओळीसाठी तरी शेवटच्या पानाचा तळ कधीही कापू नका.

‘गहाळ’ हा शब्द जपून वापरा. दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला आणि पत्रांची पाने घटली. तेव्हाचा चार पानी अंक पूर्ण अंक असू शकतो. आणीबाणीत काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी चौकट म्हणजे मजकूरच आहे, ‘पान खराब’ असा शेरा तिला देऊ नका. पानांवरचे छापील क्रमांक सलग असतील तर अंक पूर्ण, नसतील तर ‘पाने ५-६ नाहीत’ असे नेमके लिहा.

यादी पूर्ण होईपर्यंत निर्लेखनाच्या (जुने साहित्य नोंदींतून काढून टाकण्याच्या) ठरावाला हात लावू नका. आपल्याकडे जुनी पत्रे वाळवीपेक्षा रद्दीच्या काट्यावर जास्त गेली आहेत.

जागा, हवा आणि किडे

कागदाला थंडाव्याइतकीच स्थिरतेची गरज असते. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली. ६५ टक्क्यांच्या वर ती काही दिवस टिकली की बुरशी धरते. कोकण-मुंबईत पावसाळ्यात बाहेरची हवा ८०-९० टक्क्यांवर असते, त्यामुळे ‘हवा खेळू द्या’ म्हणून खिडक्या उघडणे म्हणजे ओल आत घेणे. काही शे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक घ्या. सकाळी आणि दुपारी आकडा वहीत टिपा आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडा. बाष्प शोषणारे यंत्र घेणार असाल तर खोली लहान ठेवा आणि फटी बुजवा. फक्त दिवसा चालवून रात्री बंद केल्याने आर्द्रता खालीवर होते, आणि कागदाला तेही मानवत नाही.

मांडण्या लोखंडी आणि रंग दिलेल्या असाव्यात. भिंतीपासून आणि जमिनीपासून प्रत्येकी १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. फाईल आडवी ठेवा. उभी ठेवली तर स्वतःच्या वजनाने पाने शिवणीतून खाली सुटतात. एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत, कारण चौथी काढताना खालची ओढली जाते. सुटे अंक गुंडाळी करून ठेवू नका आणि नवी घडी घालू नका.

आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या उत्तम, पण महाग. त्या परवडेपर्यंत पोथ्यांच्या बासनाची जुनी पद्धत उपयोगी पडते. मांजरपाट घ्या, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा, कडक वाळवा आणि फाईल त्यात बांधा. खळ राहिली तर कापडालाच झुरळे आणि कसर लागते. रंगीत कापड नको, भिजले तर रंग कागदावर उतरतो. वेखंडाच्या पुरचुंड्या मांडणीत ठेवायला हरकत नाही, दर पावसाळ्याआधी बदला. त्यांनी किडे थोडे दूर राहतात, पण असलेले मरत नाहीत. डांबरगोळ्यांचा वास माणसाला बाधतो आणि बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही.

जिवंत कीड दिसली, तर फाईल जाड पॉलिथिनमध्ये हवा दाबून काढून चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. बाहेरून धरलेले पाणी पिशवीवरच राहिले पाहिजे, कागदावर नव्हे. वाळवीसाठी हा उपाय नाही. वाळवी इमारतीत असते, तिथे इमारतीचाच इलाज करावा लागतो.

पुराचा धोका असलेल्या गावात तळमजल्यावर काहीच ठेवू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथ भिजले. कागद भिजल्यानंतर बुरशी धरायला ४८ तास पुरतात. ओली पाने बोटांनी सोडवू नका, उन्हात टाकू नका. जे दोन दिवसांत वाळवता येणार नाही ते लगेच गोठवा, बाकीच्यांत टीपकागद घालून पंख्याखाली ठेवा आणि टीपकागद दर काही तासांनी बदला.

साफसफाई आणि डागडुजी, तीही मोजकी

एन-९५ मुखपट्टी घाला. बुरशी असेल तर हातमोजेही, आणि काम उघड्यावर करा. नरम, रुंद ब्रश शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे फिरवा. कपड्याने पुसू नका, धूळ तंतूंत घुसते. टाचण्या आणि गंजलेल्या तारा ओढून काढायच्या नाहीत. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून टोके सरळ करा, मग उचला.

फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावणे हे या कामातले सर्वात सामान्य पाप आहे. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि अक्षरे गिळतो. गरम लॅमिनेशन त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही. बांधणीच्या खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. तांब्याचा अंश कागदाचे तंतू झिजवतो, म्हणून बांधणाऱ्याला ती न घालण्याविषयी आधीच बजावा.

डागडुजीला गव्हाचे शुद्ध सत्त्व आणि दर चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू (लांब तंतूंचा अगदी पातळ कागद) लागतो. एक भाग सत्त्व पाच भाग पाण्यात कालवून मंद आचेवर २०-२५ मिनिटे सतत ढवळा. कुरडईच्या चिकासारखे ते घट्ट आणि अर्धपारदर्शक झाले पाहिजे. गार करून गाळा आणि सायीइतके पातळ करा. मैद्याची खळ नको, तिच्यातले ग्लूटेन किड्यांना आवडते. टिश्यूची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा. तंतू सुटे राहिले की जोड कागदात मिसळतो. खळ पट्टीला लावा, पानाला नाही. वर-खाली न चिकटणारा कागद आणि टीपकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. खळ दर दोन-तीन दिवसांनी नवी करा.

छायाचित्र काढताना जे पान आणखी फाटेल तेवढेच दुरुस्त करायचे. निर्आम्लीकरण (कागदातले आम्ल घालवणे), पाने धुणे, शिफॉनचे अस्तर ही कामे प्रशिक्षित संवर्धकाकडे द्या. शाई पाण्यात विरघळते की नाही, इथूनच त्याचे काम सुरू होते.

छायाचित्रण

आधी पाहा की तेच अंक दुसऱ्या कुणी केले आहेत का. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’वर जुनी पत्रे आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, राज्याचे पुराभिलेख संचालनालय, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि गोव्यातल्या पत्रांसाठी पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय इथेही चौकशी करा. इतरत्र नसलेले आणि ‘क’ वर्गातले अंक सर्वांत आधी घ्या. मोठ्या शहरी दैनिकाच्या पूर्ण फायली कुठेतरी असतात. तालुक्याच्या साप्ताहिकाची मात्र बहुधा एकच प्रत उरलेली असते, आणि तीच तुमच्याकडे असू शकते.

पान सरकवून आत घेणारा स्कॅनर वापरू नका. सपाट काचेचा स्कॅनर एवढ्या पानाला पुरत नाही. खाली तोंड केलेला कॅमेरा स्टँडला बसवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ५००० केल्विनचे सारखे दिवे लावा आणि खोलीतले बाकी दिवे बंद करा. भिंग ५० ते ६० मिलिमीटरचे, छिद्र एफ-८, संवेदनशीलता १००, शटर दुरून दाबायचे. पानामागे काळा कागद सरकवा, नाहीतर मागची छपाई पुढे दिसते.

आता हिशेब. १५ बाय २२ इंचांचे पान ४०० पीपीआयने (इंचाला ४०० बिंदू) हवे, तर ६००० बाय ८८०० बिंदू लागतात, म्हणजे जवळपास ५३ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लांब बाजू ६००० बिंदूंची, तिच्यात २२ इंच बसवले तर जेमतेम २७० पीपीआय मिळतात. बारीक टाइपातल्या जोडाक्षरांना ते कमी पडतात. त्यामुळे पान वर-खाली अशा दोन भागांत घ्या, मध्ये इंचभर मजकूर दोन्हींत येऊ द्या. तसे केल्यास ३३० च्या आसपास मिळतात आणि काम भागते. करड्या छटेत ४०० पीपीआयचे एक टिफ (न दाबलेली चित्र-फाईल) साधारण ५३ एमबी होते, रंगीत १५८ एमबी. आठ पानी दैनिकाचे ३६० अंक धरले तर वर्षाची २,८८० पाने. करड्यात सुमारे १५२ जीबी, रंगीत ४५५ जीबी. डिस्क घेण्याआधी हा गुणाकार कागदावर करा. निव्वळ काळे-पांढरे मात्र घेऊ नका. पिवळ्या पानावरची पुसट वेलांटी त्यात नाहीशी होते.

फाईल व्ही आकाराच्या पाळण्यात ९० ते १२० अंशच उघडा. अक्षरे शिवणीत बुडाली असतील, तर शिवण सोडायची की नाही हे अनुभवी बांधणाऱ्याबरोबर ठरवा. सोडायचीच असेल तर दोरा कापा, कागदाची कड नव्हे. दोन माणसे हवीत, एक पाने उलटायला आणि एक पडद्यावर तपासायला. सुरुवातीला दिवसाला २०० पाने हे उद्दिष्ट पुरे. प्रत्येक अंकाच्या पहिल्या चित्रात मोजपट्टी आणि करडे कार्ड ठेवा. कोरी पाने, जाहिराती, फाटकी पाने, सगळे घ्या. तुम्हाला बिनकामाची वाटलेली पेटंट औषधाची जाहिरात कुणा संशोधकाचा मुख्य पुरावा असते.

नावे, प्रती, शोध

चित्राचे नाव पत्र, तारीख, पान या क्रमाने ठेवा: केसरी_१९०८-०५-१२_०३. संगणकात ते रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पुरवणीला वेगळे अक्षर द्या. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती एकाच तारखेच्या असल्या तरी मजकूर वेगळा असतो, तेव्हा नावातही भेद हवा.

मूळ टिफला हात लावायचा नाही. उजळणे, सरळ करणे, पीडीएफ करणे हे नकलेवर. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या गावात. त्याच इमारतीतल्या तीन डिस्का एकाच पुरात जातात. दर चित्राचा एसएचए-२५६ ठसा (फाईल जराही बदलली तर बदलणारा, संगणकाने काढलेला आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा जुळवा. न जुळणारे चित्र दुसऱ्या प्रतीवरून भरून घ्या. डिस्क पाच वर्षांनी बदला, ती चालत असली तरी. जुनी मायक्रोफिल्म असेल आणि तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे. ती लगेच वेगळी करा, इतर रिळांनाही ते लागते.

अक्षरओळखीसाठी (चित्रातली अक्षरे शोधता येईल अशा मजकुरात बदलण्यासाठी) टेसेरॅक्ट या संगणक-प्रणालीत मराठी आहे, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आधी स्तंभ वेगळे करा, नाहीतर दोन बातम्यांच्या ओळी एकात एक मिसळतात. शिळाछापाच्या पानांवर आणि जाहिरातीतल्या मोडीवर ती हरते. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पत्रे ‘कांहीं’, ‘नाहींत’, ‘घरांत’ असे लिहितात. ‘काही’ शोधणाऱ्याला ‘कांहीं’ सापडत नाही. मजकूर आधुनिक करून मूळ बिघडवू नका. शोधाच्या वेळी अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवणारी दुसरी, लपलेली प्रत करा. एवढे जमेपर्यंत हाताने टिपलेली अग्रलेखांची आणि ठळक मथळ्यांची सूची कोणत्याही यंत्राहून भरवशाची.

हक्कांचा प्रश्न टाळू नका. भारतीय कायद्यात बिननावी मजकुराला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण आहे, नाव असलेल्या लेखाला लेखकाच्या आणि छायाचित्राला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. आपल्याकडे छापील प्रत असताना जतनासाठी संगणकीय प्रत ठेवायला नफा न करणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. पण जतन वेगळे आणि सर्वांसाठी महाजालावर टाकणे वेगळे. महाजालावर टाकण्यासाठी पत्राच्या मालकाची लेखी परवानगी घ्या.

संशोधक दारात आल्यावर

आधी चित्र द्या, मूळ अंक फक्त कागद, शाई किंवा शिवण पाहायची असेल तेव्हा, आणि तेही तुमच्यासमोर. प्रत्येक चित्राखाली पत्र, गाव, तारीख, पान आणि तुमच्या ग्रंथालयाचे नाव येईल अशी एक ओळ असू द्या. त्याच्या तळटीपेत ती जशीच्या तशी उतरते. हवा तो अंक नसेल, तर ब्रिटिश सरकारने गोपनीय म्हणून छापलेल्या मुंबई इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक अहवालांकडे त्याला पाठवा. अंक उरला नसला तरी त्यातल्या मजकुराचा इंग्रजी सारांश तिथे कधी कधी मिळतो. अहवाल सरकारी नजरेने लिहिलेला आहे, हेही त्याला सांगा.

मूळ फायली चित्रण झाल्यावरही ठेवायच्याच. अंधुक आलेले पान पुन्हा काढावे लागते. आणि गहाळ अंकांची यादी दरवर्षी नवी करून आसपासच्या वाचनालयांना, पत्राच्या जुन्या कचेरीला आणि संपादकांच्या घरच्यांना पाठवा. त्यांच्याकडे दुबार प्रती पडून असतात. कुठल्या तारखा हव्यात हे कुणी विचारलेले नसते, म्हणून त्या रद्दीत जातात.